विनाशिकेची प्रतिकृती करताय? या चुका टाळा

नौदल दिन ४ डिसेंबरला असतो. त्याच्या महिनाभर आधीपासून माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. "काका, आयएनएस कोलकाता विनाशिका (डिस्ट्रॉयर) करतोय, कशी वाटते?" फोटोत एक सुबक तोफ असते, रंगवून वाळवलेली. शेजारी चार ब्रह्मोस क्षेपणास्त्रं. कधी कधी विकत आणलेलं हेलिकॉप्टरही. जहाज मात्र कुठेच नसतं, सनबोर्डचा एक तुकडासुद्धा कापलेला नसतो. मुंडावळ्या तयार, नवऱ्याचा पत्ता नाही.

बारा-तेरा वर्षं मी ही प्रतिकृतींची हौस करतोय. बहुतेक चुका स्वतः करून झाल्यात, त्यामुळे जरा हक्काने बोलतो.

पहिली गोष्ट, जहाज कोणतं ते ठरवा. "भारतीय विनाशिका" नावाचं एक जहाज नाही. मुंबईच्या माझगाव डॉकने एकामागून एक तीन वर्ग बांधले. आधी दिल्ली वर्ग, म्हणजे प्रकल्प १५: दिल्ली, म्हैसूर, मुंबई. मग कोलकाता वर्ग, १५ए: कोलकाता २०१४, कोची २०१५, चेन्नई २०१६. त्यानंतर विशाखापट्टणम वर्ग, १५बी: विशाखापट्टणम २०२१, मुरगाव २०२२, इंफाळ २०२३, सुरत २०२५. १५बीचं खालचं धूड (हल), इंजिनं आणि बरीचशी शस्त्रं १५एसारखीच ठेवली, बदल केला तो ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, मांडणीत आणि डोलकाठीत. लोक नेमके तिथेच फसतात. धूड सारखं दिसतं म्हणून कोचीच्या अंगावर सुरतचं डोकं बसवतात आणि बाजूला कोचीचा क्रमांक डी ६४ लिहून मोकळे होतात. मी प्रत्येक जहाजाची वेगळी फाईल ठेवतो आणि काम चालू असताना दुसरी उघडत नाही. फोटो नौदलाने किंवा सरकारने प्रसिद्ध केलेलेच घ्या. गोदीच्या बाहेर मोबाईल उंच करून उभे राहू नका, भलत्या चौकशीला तोंड द्यावं लागेल.

आता माझा सगळ्यात जुना राग.

डेकवर क्षेपणास्त्रं चिकटवू नका

माझी पहिली कोलकाता २०१५ सालची. महिनाभर खपून केली होती. ब्रिजच्या दोन्ही बाजूंना तिरकी नळकांडी बसवली, त्यांतून ब्रह्मोसची लाल टोकं बाहेर काढली, मागे एका खांबावर विमानविरोधी क्षेपणास्त्र उभं केलं. दिसायला एकदम जबरदस्त. आमच्या सोसायटीत नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांना मोठ्या कौतुकाने दाखवायला नेली.

अण्णांनी चष्मा लावला, एक फेरी मारून सगळ्या बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "ही राजपूत आहे, दिल्ली आहे की कोलकाता?"

"कोलकाता."

"मग दार लावलेलं असताना घरातली माणसं कशी काय दिसतायत?"

मी काय केलं होतं ते तेव्हा कळलं. तिरकी नळकांडी मी राजपूत या जुन्या विनाशिकेच्या फोटोंतून उचलली होती. ब्रह्मोसच्या सुरुवातीच्या चाचण्या तिच्यावरून झाल्या, आणि तिच्यावर ते खरोखरच तिरकं होतं. खांबावरचं क्षेपणास्त्र दिल्लीचं. १९९७ साली दिल्ली दाखल झाली तेव्हा तिच्यावर रशियन श्तिल होतं, एका हाताच्या प्रक्षेपकावरून सुटणारं. वर तिरक्या पेट्यांत १६ उरान, म्हणजे जहाजविरोधी क्षेपणास्त्रं. ते सगळं डोळ्यांना दिसायचं, मोजता यायचं. कोलकाताचं तसं नाही. तिच्यावर १६ ब्रह्मोस आहेत आणि ३२ बराक-८ ही विमानविरोधी क्षेपणास्त्रं, सगळी डेकच्या खाली उभी. वरून दिसतात ती फक्त झाकणं. ब्रह्मोसची आठ-आठच्या दोन गटांत, बराकची आठ-आठच्या चार गटांत. एकूण ४८ झाकणं, बस्स.

यामागे कारण आहे. डेकवर तिरकं ठेवलेलं नळकांडं शत्रूच्या रडारला लांबून चमकतं. शिवाय ते एकाच दिशेला तोंड करून असतं. उभं क्षेपणास्त्र आधी सरळ वर जातं आणि मग हवी ती दिशा पकडतं, त्यासाठी जहाज वळवायला लागत नाही. अण्णांनी हे मला एका चहात समजावलं. मला मात्र ती नळकांडी उपटायला दोन रविवार लागले. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवलेली होती, निघताना डेकचे पापुद्रे घेऊनच निघाली.

आता झाकणांतही लोक घोळ घालतात. सगळी ४८ एकाच मापाची कापतात. ब्रह्मोस साधारण ८.४ मीटर लांब आणि तीन टन वजनाचं, तर बराक-८ साडेचार मीटरचं आणि पावणेतीनशे किलोचं. दोघांची दारं सारखी कशी असतील? मी १:२०० मापात काम करतो. त्यात ब्रह्मोस येतं ४.२ सेंमी, म्हणजे जवळजवळ काडेपेटीतल्या काडीएवढं. बराक येतं सव्वादोन सेंमी. झाकणं कापायच्या आधी मी खरोखरच एक काडी धुडाच्या बाजूला उभी धरतो, वरचं टोक डेकला लावून. काडी किती खाली जाते ते बघितलं की या जहाजाचं पोट एवढं खोल का, हे आपोआप समजतं. मग झाकणं अर्ध्या मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटमधून, आधी ब्रह्मोसची मोठी, नंतर बराकची लहान. ब्रह्मोस ब्रिजच्या पुढे येतं, बराक पुढे आणि मागे वाटलेलं असतं.

यावर नवशिक्यांची तक्रार ठरलेली: "काका, मग डेक मोकळंच दिसतं हो." मोकळंच दिसायला हवं. कलत्या सपाट भिंती, बंद दारं, बाहेर शक्य तितकं कमी, हाच या जहाजाचा घाट आहे. मोकळी जागा बघवत नाही म्हणून तिथे काहीतरी डकवायचं, ही सवय आधी मोडा.

धूड केळ्यासारखं वाकतं

ही दुसरी चूक, आणि हिला एकच कारण आहे: घाई.

कोलकाता १६३ मीटर लांब आणि १७.४ मीटर रुंद. १:२०० मध्ये ८१.५ सेंमी बाय ८.७ सेंमी. लांबीला रुंदीने भागा, ९.४ च्या आसपास उत्तर येतं. स्वतःच्या जहाजाचा हा भागाकार आधी करून बघा. सहा-सात आला तर तुम्ही विनाशिका केलेली नाही, मचवा केलाय. हेलिकॉप्टरमधून काढलेल्या फोटोंत जहाज आखूड आणि फुगीर दिसतं, त्यावरून माप घेतलं की असं होतं.

तर एवढं लांब आणि चिंचोळं धूड वाकायला टपलेलंच असतं. मी मधे एक कणा ठेवतो, त्यावर आडव्या फासळ्या आणि बाहेरून पट्ट्या. एका वर्षी एका शाळेच्या प्रदर्शनासाठी १५बी करून देतो म्हणालो होतो. हातात आठ दिवस होते. शनिवारी संध्याकाळी जोर चढला आणि मी डाव्या बाजूच्या सगळ्या पट्ट्या एका बैठकीत लावून टाकल्या. उजवी बाजू उद्या. सकाळी उठून बघतो तर नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, डावीकडे वळलेली. गोंद वाळताना पट्ट्या ओढतात, आणि समोरून ओढणारं कुणी नव्हतं. पट्टी लावून मोजलं: सात मिलिमीटर. खऱ्या जहाजात तो जवळजवळ दीड मीटर झाला.

मग ते सरळ करायची खटपट. वजनं ठेवली, केस वाळवायच्या यंत्राने गरम केलं, उजव्या बाजूने जास्त ताणून पट्ट्या लावल्या. तेव्हा ती वाकडी होतीच, आता पिळवटलीही. शेवटी डेकवरून बघितलं तर नाळ एकीकडे आणि हँगर दुसरीकडे. प्रदर्शनात ती भिंतीला टेकवून ठेवली, एकच बाजू दिसेल अशी. मुलांना काही कळलं नाही. एका मुलीला कळलं. "काका, हे जहाज वळतंय का?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

वाकलेलं धूड मी आता सरळ करत बसत नाही, कणा काढून पुन्हा सुरू करतो. लोकांना हे पटत नाही. पण पहिल्यापासून करायला चार दिवस लागतात आणि सरळ करण्यात आठ जातात, हे मी मोजलंय. बाकी माझी पद्धत साधी: कणा जाड फळीवर खिळ्यांच्या मधे पकडून ठेवायचा, डावी एक पट्टी, उजवी एक पट्टी, दोन जोड्या झाल्या की थांबायचं. रात्रभर. पांढरा गोंद वापरायचा, झटपट वाला नाही. ज्यांना थांबणं जमत नाही त्यांनी पतंग करावेत, एका तासात होतात.

थर्माकोलचं धूड करून वर स्प्रे मारणाऱ्यांना काय सांगू? स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल खातं. डोळ्यांदेखत खड्डे पडतात. झटपट गोंदानेही तेच होतं.

तोफ

पुढची तोफ ७६ मिलिमीटरची आहे. १५बीवर १२७ मिलिमीटरची बसवायचं चाललं होतं, जुन्या संकल्पचित्रांत ती दिसते, आणि लोक ती चित्रं बघून अजून बनवतात. प्रत्यक्षात बसली ७६चीच, 'भेल' या सरकारी कंपनीने बनवलेली. नळीसाठी टूथपिक वापरू नका. टूथपिक दोन मिलिमीटर जाड, गुणिले २००, म्हणजे ४० सेंमी. दुसऱ्या महायुद्धातल्या महाकाय जहाजांवर असायच्या तसल्या तोफा झाल्या या. मी औषधाच्या दुकानातून सिरिंजची काळ्या बुडाची, २२ नंबरची सुई आणतो. बाहेरून ०.७ मिलिमीटर, टोक कानसून सपाट करायचं, लांबी साडेतेवीस मिलिमीटर ठेवायची. आतलं भोक आयतं मिळतं. कानसताना चष्मा लावा.

पाणबुडीविरोधी रॉकेटं सोडणारे प्रक्षेपक दोन. प्रत्येकी बारा नळ्या, घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या. लोक चौकोनी ठोकळ्याला बारा टिंबं काढतात. एक मिलिमीटरच्या नळ्या कापत बसायचा कंटाळा असेल तर प्रक्षेपक करूच नका, ठोकळा लावू नका.

क्लोज-इन, म्हणजे अगदी जवळ आलेला मारा अडवणाऱ्या तोफा, सहा नळ्यांच्या ३० मिलिमीटरच्या, चार. दोन डावीकडे, दोन उजवीकडे.

डोलकाठीवरचे चार सपाट चौकोन म्हणजे एमएफ-स्टार रडार. ते फिरत नाही, म्हणूनच चार दिशांना चार. तिथे मोटर लावून ताटली फिरवणारे महाभाग मी बघितलेत. चारही चौकोन एकाच उंचीवर आणि एकाच मापाचे हवेत, एक जरी तिरका बसला तरी सगळ्या जहाजाचं तोंड वाकडं वाटतं. फिरणारं दूर पल्ल्याचं रडार वेगळं, ते मागे असतं.

धुडाखालचे पंखे (प्रोपेलर) दोन. आत चार गॅस टर्बाइन आहेत म्हणून पंखे चार लावायचे नाहीत. आणि दोन्ही पंख्यांची पाती एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, एकाच साच्यातून दोन काढलेत तर एक चुकलेला आहेच.

गंज. अलीकडे प्रत्येक प्रतिकृतीवर तपकिरी ओघळ मारायची फॅशन आलीय. भंगारात काढलेलं जहाज करताय का? अण्णा सांगतात, नोकरीतला निम्मा जन्म हातात ब्रश घेऊन गेला. फार तर नांगराच्या भोकाखाली एक बारीक रेघ, ती करतानाही हात आखडता घ्या. राखाडी रंग मात्र तीन पातळ हातांत द्या. एका जाड हातात दिलात तर झाकणांच्या भोवतालच्या रेघा बुजतात, आणि मग ती ४८ झाकणं कशाला कापली?

हेलिकॉप्टर विकत आणलं असेल तर डेकवर ठेवायच्या आधी मोजा. सी किंगचा वरचा पंखा उघडल्यावर १८.९ मीटरचा, जहाजच १७.४ मीटर रुंद. म्हणजे १:२०० मध्ये पंख्याची टोकं डेकच्या दोन्ही कडांच्या बाहेर डोकावायला हवीत. तुमच्या डेकवर ते ऐसपैस मावत असेल तर ते चुकीच्या मापाचं आहे. दोन हेलिकॉप्टरं हँगरमध्ये जातात ती पाती घडी करून. आणि १५बी करत असाल तर हेलिपॅडवरून हँगरात जाणारे रूळ काढू नका, तिच्यावर हेलिकॉप्टर आत ओढायची व्यवस्था बिनरुळांची आहे. मी काढले होते. खरवडून काढताना हेलिपॅडचा पांढरा गोलही गेला, तो अजून पुन्हा रंगवायचाय.