गप्प मुलांकडे जास्त बघा

नुकतंच बी.एड. करून शाळेत रुजू झालं की धास्ती असते ती वर्ग सांभाळण्याची. त्यामुळे दंगेखोर मुलं आठवडाभरात तोंडपाठ होतात आणि गप्प बसणारी 'शहाणी' ठरतात. मी पुण्यात माध्यमिकला शिकवते. नव्यांना माझं सांगणं एकच: या शहाण्यांकडे जास्त बघा.

मानसिक आजारांपैकी एक तृतीयांश वयाच्या चौदाव्या वर्षाआधी आणि निम्मे अठराव्या वर्षाआधी सुरू होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ऐन शाळेच्या वयात. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. साठच्या तुकडीत साधारण चार जण.

बघायचं काय? मूल आधी कसं होतं आणि आता कसं आहे. शेजारच्या मुलाशी तुलना नको. माझ्या वर्गात नववीत एक मुलगी होती. जूनमध्ये तिच्या वहीत समास आखलेला, मथळ्याखाली लाल रेघ. दिवाळीनंतर अक्षर घसरत गेलं, पुढे पानावर नुसती तारीख, खाली सगळं कोरं. मधल्या सुट्टीत डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. मैत्रिणींचा घोळका सोडून एकटी बसायची. सारखं पोट दुखायचं. घरच्यांना ती नाटकं वाटायची. पण मनावरच्या ताणाने पोट खरंच दुखतं. असे बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर तारखेनिशी लिहून ठेवा.

पालकांना बोलावलं तेव्हा 'डिप्रेशन' हा शब्द मी काढला नाही. निदान करणं डॉक्टरांचं काम. दोन्ही वह्या समोर ठेवल्या आणि म्हटलं, "दादा, ही जूनची आणि ही आत्ताची. तुम्हीच बघा." वडील बराच वेळ पानं उलटत राहिले. नंतर ते तिला ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेले.

मुलाशी बोलताना "काय झालंय तुला?" असं चारचौघांत विचारू नका. बाजूला घ्या, दिसलं तेवढंच बोला: "हल्ली डबा संपत नाही तुझा." मग थांबा. जगणं नकोसं झाल्याचं त्याच्या बोलण्यात आलं, तर जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. अशा वेळी 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. त्याला एकटं न सोडता मुख्याध्यापकांना आणि घरी लगेच कळवा. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि काय करावं हे शिक्षकांनाही विचारता येतं.

आणखी एक, कळकळीने सांगते. मुलाची गोष्ट स्टाफरूममध्ये चहाबरोबर निघता कामा नये. उपचार घेऊन ते वर्गात परततं, तेव्हा बुडालेला अभ्यास थोडा थोडा द्या आणि बाकावर जवळची मैत्रीण किंवा मित्र शेजारी बसू द्या.