"सायन्सने देव सिद्ध केला" असा फॉरवर्ड आला तर काय करायचं

आधी बघा की दाव्यात तपासता येण्यासारखं काही आहे का. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितोय म्हणून देशभर देवळांसमोर रांगा लागल्या होत्या, तो दावा तपासता येतो, घरी करून बघा. कुठलीही छोटी मूर्ती घ्या (देवाचीच पाहिजे असं नाही, शोपीस पण चालतो), दुधात खायचा लाल रंग टाका, चमचा काठोकाठ भरा आणि किंचित तिरका करून मूर्तीला टेकवा. पृष्ठताणामुळे (सरफेस टेन्शन, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो) दूध ओढलं जातं आणि लाल ओघळ मूर्तीवरून खाली येताना दिसतो. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी पण रंगीत दूध घेऊनच दाखवलं होतं.

पण ओघळ दिसला म्हणून देव नाही असं होत नाही, मूर्ती दूध पीत नाही एवढंच कळलं. आळंदीहून पंढरपूरला चालत जाणारा वारकरी काही लॅब रिपोर्ट बघून निघत नाही, त्यामुळे आजीच्या मागे "पुरावा दे" म्हणून लागू नका. कोणी नासाचं नाव लावून फॉरवर्ड पाठवला तर मात्र लिंक मागाच, मूळ रिसर्च पेपर कुठे छापलाय ते विचारा. बहुतेक वेळा हात जोडलेला इमोजीच येतो.