चिलखत घालून, चोरपावलांनी जादू कशी करावी

सांगलीत विश्रामबागेतल्या एका मित्राच्या घरी दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स या, काल्पनिक पात्रं होऊन फाशांवर खेळायच्या खेळाचा आमचा डाव बसतो. नवा खेळाडू आला की त्याला बहुधा चोर व्हायचं असतं, आणि जादूही (खेळात तिला स्पेल म्हणतात) हवी असते. मग पहिला प्रश्न येतो, "दादा, चिलखत घालून स्पेल टाकता येतात का?"

येतात. मात्र आधी डीएमला, म्हणजे डाव चालवणाऱ्याला, विचारा, आपण कुठल्या आवृत्तीचे नियम वापरतोय. २००३ च्या ३.५ आवृत्तीत विझार्डनं (जादूगारानं) चामड्याचं चिलखत घातलं, तर हातवारे लागणारा स्पेल फुकट जाण्याची शक्यता १० टक्के असते, चेन शर्टमध्ये (कड्यांच्या सदऱ्यात) २०. चिलखत मिथ्रल या काल्पनिक धातूचं असेल तर त्यातून १० वजा करा. पाचव्या आवृत्तीत ही टक्केवारी नाही. तिथं एकच अट: त्या प्रकारच्या चिलखताची प्रोफिशियन्सी (ते वापरण्याचा सराव) हवी. ती नसेल तर अंगात चिलखत असेपर्यंत एकही स्पेल टाकता येत नाही. पुढचं सगळं पाचव्या आवृत्तीबद्दल.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे रोग (Rogue, म्हणजे चोराचं पात्र) घेऊन तिसऱ्या लेव्हलला आर्केन ट्रिकस्टर, म्हणजे जादू येणारा चोर, व्हायचं. रोगला हलकी चिलखतं पहिल्यापासून चालतात, त्यामुळं तो प्रश्न तिथंच मिटतो.

आता चिलखत निवडा. डेक्स्टेरिटी (चपळाई) १६ धरली तर साध्या चामड्यात आर्मर क्लास (तुम्हाला वार लागणं किती कठीण, तो आकडा) १४ होतो, स्टडेड लेदरमध्ये (खिळे ठोकलेल्या चामड्यात) १५. स्टडेडला ४५ सोन्याची नाणी पडतात, पण पैसे जमले की पहिली खरेदी तीच करा. गादीसारखं शिवलेलं पॅडेड मात्र घेऊ नका. हलकं आणि स्वस्त असलं तरी त्यात लपताना डिसअ‍ॅडव्हांटेज लागतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. मेज आर्मर या संरक्षक स्पेलनं आर्मर क्लास १६ होतो हे खरं, पण तो चिलखतावर चढत नाही, आणि तिसऱ्या लेव्हलला जेमतेम दोन स्लॉट (स्पेल टाकायच्या खेपा) असताना त्यातला एक तिकडं घालवावा असं मला वाटत नाही.

चिलखताची चिंता एवढीच. लपणाऱ्या जादूगाराला खरं पकडून देतो तो त्याचा आवाज, आणि नवे खेळाडू नेमके हेच विसरतात. बहुतेक स्पेलना मंत्र म्हणावा लागतो, आणि तो ठरावीक सुरात, ठरावीक घुमाऱ्यानं. पुटपुटून भागत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगवलं, तेव्हापासून हे नाटकाचं गाव आहे. शब्द किती लांब जातो हे इथं वेगळं शिकवायला नको. मागं एका डावात आमच्यातला एक मुलगा कोठारात पोत्यांमागं लपला होता आणि तिथूनच त्यानं डिसगाइज सेल्फ टाकला. वेष झकास बदलला, पण मंत्र ऐकून दोन्ही पहारेकरी भाले घेऊन आत आले.

म्हणून क्रम असा ठेवा. डिसगाइज सेल्फ तासभर टिकतो, तो तटाबाहेरच टाकून या. सातव्या लेव्हलपासून इन्व्हिजिबिलिटी (अदृश्य करणारा स्पेल) मिळाली तर तीही बाहेरच; ती एकाग्रता टिकेपर्यंत, फार तर तासभर चालते, आणि आत शिरल्यावर हल्ला केला किंवा दुसरा स्पेल टाकला की संपते. आतल्या कामासाठी मायनर इल्यूजन (छोटा आवाज किंवा चित्र भासवणारा स्पेल) घ्याच. त्याला मंत्र लागत नाही, हातवारे आणि लोकरीचा पुंजका पुरतो. ३० फुटांवरच्या जिन्यात पावलं वाजवा, पहारेकरी तिकडं बघायला गेला की तुम्ही सटका. सोबतच्या क्लेरिकनं (देवाच्या शक्तीनं जादू करणाऱ्या पात्रानं) सायलेन्स हा आवाज बंद करणारा स्पेल टाकला असेल तर त्या २० फूट त्रिज्येच्या घेऱ्यात मंत्राचे स्पेल चालतच नाहीत. मायनर इल्यूजनचं चित्र मात्र तिथंही उमटतं.

हातवाऱ्यांसाठी एक हात मोकळा लागतो. दोन्ही हातांत खंजीर असतील तर एक आधी म्यान करा.

राहिलं एक: मंत्र किती लांब ऐकू जातो, ते डाव सुरू व्हायच्या आधी डीएमबरोबर ठरवून घ्या. आमच्याकडं उघड्यावर ६० फूट आणि बंद दाराआड त्याच्या निम्मं धरतात. हा आमच्या घरचा नियम आहे, पण तो ठरल्यापासून कोठारातल्यासारखी वादावादी पुन्हा झालेली नाही.