नवा क्लाउनफिश आजारी दिसतोय? औषधाआधी या चुका टाळा

खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवा क्लाउनफिश आणल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्यावर पांढरं काही दिसलं की बहुतेक जण हाताशी असेल ती बाटली ओततात. पण पांढरे दिसणारे मुख्य आजार तीन, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

टॉर्च समोरून न मारता बाजूने मारा. मिठाचे दाणे चिकटल्यासारखे, मोजता येतील असे सुटे ठिपके असतील तर मरिन इच. पिठीसाखर भुरभुरल्यासारखी बारीक पूड, तिला पिवळसर झाक, मासा धापा टाकत पंपाच्या प्रवाहात तोंड घालून उभा, तर वेल्वेट. अंगावरचा चिकट थर सुटून शेंबडासारखा लोंबत असेल तर ब्रुकलिनेला. समुद्रातून पकडलेल्या क्लाउनफिशमध्ये तो नेहमीचाच. इच दोन-चार दिवसांची सवड देतो. बाकीचे दोन देत नाहीत. वेल्वेट आधी कल्ल्यांत शिरतो, त्यामुळे अंगावर पूड दिसण्याआधीच मासा जाऊ शकतो.

‘चिमूटभर मीठ टाका, हीटर ३० अंशांवर ठेवा’ हा सल्ला गोड्या पाण्याच्या टाकीचा. खाऱ्या पाण्यात आणखी मीठ घालून काय होणार? आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, म्हणजे आधीच धाप लागलेल्या माशाचे हालच.

इच आणि वेल्वेटला कॉपर (तांब्याचं औषध) चालतं, पण वेगळ्या टाकीत. ४० लिटरची, तळाला काही न पसरलेली काचेची टाकी, स्पंज फिल्टर, एअरपंप आणि लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो पुरे. वाळू किंवा लाईव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेले समुद्री दगड) ठेवू नका. ते कॉपर शोषून घेतात. मुख्य टाकीत कॉपर गेलं तर कोळंबी, गोगलगायी, कोरल मरतात. चिलेटेड कॉपर (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं तांबं) २ ते २.५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवून ३० दिवस टिकवायचं. हाच आकडा साध्या, न बांधलेल्या आयनिक कॉपरला लावला तर मासा मरेल, म्हणून बाटलीवरचा प्रकार आधी वाचा. रोज टेस्ट करा. मात्रा खाली घसरली तर दिवस पुन्हा एकपासून मोजा. अमोनिया वाढला तर पाणी बदला (नव्या पाण्यातही तेवढंच कॉपर हवं). अमोनिया मारणारं कंडिशनर घालू नका. काही कंडिशनर कॉपरला जास्त विषारी रूपात बदलतात.

ब्रुकलिनेलाला कॉपरचा उपयोग नाही. १० लिटर टाकीच्याच पाण्यात ३७ टक्क्यांचं फॉर्मेलिन (फॉर्मल्डिहाइडचं द्रावण) १.५ मिली, एअरस्टोन जोरात सुरू, ३० ते ४५ मिनिटं, आणि तुम्ही तिथून हलायचं नाही. मासा आडवा पडला की लगेच बाहेर. नंतर त्याला जुन्या नव्हे, स्वच्छ टाकीत सोडा. एक दिवसाआड दोन-तीनदा करावं लागतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ असेल तर ते फॉर्मेलिन वापरू नका. तो गाळ माशाला जास्त घातक.

ठिपके गेले म्हणजे आजार गेला, असं इचच्या बाबतीत समजू नका. परजीवी माशावरून गळून तळाशी कवच करून बसतात आणि पुढची पिलावळ पाण्यात सोडतात. कॉपर फक्त त्या मोकळ्या पिलावळीला मारतं, कवचातल्याला नाही. मासाच मिळाला नाही तर ही पिलावळ मरते, म्हणूनच आजारी मासा ज्या मुख्य टाकीत होता तिथले सगळे मासे काढून ती ७६ दिवस माशांविना चालू ठेवा. खाण्यातला लसूण आणि क्लीनर श्रिंप (माशांचं अंग साफ करणारी कोळंबी) यांच्यावर भिस्त ठेवून हे दिवस कमी होत नाहीत. आणि दोन्ही टाक्यांना एकच जाळी वापरत असाल, तर हे सगळं फुकट.