‘डिकन्स्ट्रक्शन’ लिहिताना या चुका टाळा

एम.ए. मराठीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य दरवर्षी भेटतं : ‘लेखकाने परंपरेचे डिकन्स्ट्रक्शन केले, म्हणजेच ती मोडीत काढली.’ गाडी इथंच रुळावरून घसरते.

आपल्या खान्देशात धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जुनं घर जाणती माणसं पाडत नाहीत, उतरवतात. आधी वरची माती खरवडायची, मग कड्या, तुळया, खांब एकेक करून सोडवायचे. साग चांगला निघाला तर नव्या घरात पुन्हा बसतो. बांधकामात डिकन्स्ट्रक्शन म्हणतात ते हेच. जेसीबीनं भिंती लोळवल्या तर ते डिमॉलिशन.

हॉटेलात ‘डिकन्स्ट्रक्टेड शेवभाजी’ म्हणून रस्सा वेगळा, शेव वेगळी आली तर तो वापरही चुकीचा नाही. फक्त त्याला तत्त्वज्ञान चिकटवू नका.

तत्त्वज्ञानातला शब्द फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदाचा. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरच्या ‘डेस्ट्रुक्त्सिओन’ या शब्दासाठी त्यानं तो निवडला आणि १९६७च्या पुस्तकांतून तो पसरला. मराठीत ‘विरचना’ लिहावं असं मला वाटतं. ‘विखंडन’ही चालतं, पण ते वाचून अणू फुटल्यासारखं वाटतं. नुसतं विश्लेषण किंवा चिरफाड करायची असेल तर तेच शब्द वापरा, ते पुरेसे आहेत.

विरचनेत एक वर, एक खाली अशी मानलेली जोडी तपासायची असते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ती जोडी उलटी केली की काम झालं असं समजणं. बहिणाबाई चौधरींचंच घ्या. आपण सहज म्हणतो, त्यांचं गाणं तोंडचं म्हणून अस्सल, कागदावरचं मागाहूनचं. बोलणं वर, लिहिणं खाली. पण त्या १९५१ साली गेल्या, संग्रह आला १९५२ साली, आणि तोही त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी गाणी कागदावर उतरवली होती म्हणून. मग लिहिणंच वर ठेवायचं का? तेही नाही. जरा थांबून ओवीकडेच बघा. तिचा साचा आधीच ठरलेला असतो, ती एका जात्यावरून दुसऱ्या जात्यावर जाते, आणि रचणारी समोर नसतानाही म्हटली जाते. रचणारा समोर नसतानाही पुन्हा पुन्हा चालत राहणं हा गुण आपण लिखाणाचा मानतो. तो बोलण्यात आधीपासूनच होता.

इथपर्यंत पोचलात तर ती विरचना.