बर्फावर पाऊस पडत असताना उतार मोजण्याची सोपी रीत

हिवाळी वादळात तापमान शून्याच्या वर गेलं आणि ताज्या बर्फावर पाऊस पडू लागला, की काही मिनिटांतही हिमस्खलन होऊ शकतं. अशा वेळी ३० अंशांपेक्षा तीव्र उतार टाळायचा. पण नजरेचा अंदाज चुकू शकतो, म्हणून मोजा.

१. घरीच एका ट्रेकिंगच्या काठीवर खालच्या टोकापासून ५८ सेंमीवर रंगीत चिकटपट्टी लावा. दुसरी काठी १०० सेंमी लांबीची करा.
२. लांब काठीचं टोक उताराला टेकवून ती दरीच्या दिशेने आडवी, सपाट धरा.
३. तिच्या मोकळ्या टोकापाशी खुणेची काठी सरळ उभी करा. टोक बर्फावर नुसतं टेकवा. मऊ बर्फात रुतलं तर माप चुकतं.
४. आडवी काठी पट्टीच्या वर येत असेल तर उतार ३० अंशांहून जास्त. मागे फिरा.

मापासाठी तीव्र उतारावर मात्र चढू नका; कडेच्या सौम्य भागावर थांबून अंदाज घ्या. मूठभर बर्फ दाबून पाहा: पाणी निथळलं किंवा उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत असतील, तर मोजायची गरजच नाही, सरळ मागे फिरा.

सावधान: तुम्ही सपाटीवर असलात तरी वरच्या तीव्र उतारावरून आलेला ओला लोंढा तिथवर पोहोचतो. पाऊस थांबला म्हणून लगेच निघू नका. रात्री ढग असतील तर बर्फ नीट गोठत नाही, आणि वरचा पातळ कडक थर फसवा असतो. बूट त्यातून आत जात असेल तर धोका टळलेला नाही.