ऑनलाइन विल करताय? सहीच्या आधी एवढं बघून घ्या

आजकाल मोबाइलवर फॉर्म भरला, पैसे भरले की बसल्या जागी मृत्युपत्राची पीडीएफ मिळते आणि लोकांना वाटतं चला, सुटलो. खरं तर तोवर काहीच झालेलं नसतं, ती पीडीएफ म्हणजे नुसता मजकूर. वेबसाइट वापरूच नका असं नाही म्हणत मी, एक फ्लॅट, थोड्या एफडी, बायको-मुलं आणि घरात वाद नाहीत, एवढंच असेल तर खुशाल वापरा. पण या क्रमाने जा.

आधी बघा तुम्हाला कायदा कुठला लागतो, कारण फॉर्म बऱ्याचदा सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. हिंदू माणूस स्वतः कमावलेलं कोणालाही देऊ शकतो, वडिलोपार्जितमध्ये मात्र फक्त स्वतःचा हिस्सा, आणि तिथे २००५ पासून मुलीही बरोबरीने हिस्सेदार आहेत (महाराष्ट्राने तर १९९४ लाच सुरुवात केली होती), त्यामुळे 'गावची सगळी जमीन धाकट्याला' असं टाइप केलं म्हणून ती जात नाही. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशच्या वर विलने देता येत नाही. गोवेकरांनी तर हे फॉर्म बाजूलाच ठेवावेत, तिथे मुलांसारख्या वारसांसाठी निम्मी मालमत्ता राखीव असते, आणि गोव्याच्या माणसाची प्रॉपर्टी गोव्याबाहेर असली तरी वारशाला गोव्याचाच कायदा लागतो असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगून टाकलंय.

मग यादी करा. 'माझं पुण्यातलं घर' असं मोघम नको. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सातबारा, प्रॉपर्टी कार्ड समोर घेऊन बसा आणि गट नंबर, फ्लॅट नंबर तिथून बघून उतरवा. शेवटी 'याशिवाय माझं जे काही असेल किंवा पुढे होईल ते अमक्याला' हे वाक्य हवंच, नाहीतर नंतर घेतलेली एफडी विलच्या बाहेर राहते. ज्याला देताय तोच आधी गेला तर कोणाला, तेही लिहा.

आता नॉमिनी. इथे भलेभले अडकतात. फ्लॅटला नॉमिनी मोठा मुलगा, विलमध्ये फ्लॅट मुलीला, आणि दोघंही आपापला कागद धरून बसलेत. नॉमिनी साधारणपणे मालक नसतो, वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. 'कालनिर्णय'वाल्या जयंत साळगावकरांच्या कुटुंबाच्या वादात डिसेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने शेअर्सबाबत हेच सांगितलं, नॉमिनी झालात म्हणून मालक होत नाही. म्हणून विल करायच्या दिवशीच बँक, डीमॅट, म्युच्युअल फंड, सोसायटी सगळीकडचे नॉमिनी काढून बघा आणि जमेल तिथे विलशी जुळवून घ्या.

खरी गंमत सहीची. मृत्युपत्राला डिजिटल सही चालत नाही, २००० च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याने मृत्युपत्र त्यातून वगळलंय, म्हणजे आधार ओटीपी टाकून 'साइन' केलेलं विल कोर्टात उभं राहत नाही. प्रिंट काढायची आणि पेनाने सही करायची. किमान दोन साक्षीदार लागतात, त्यांनी तुम्हाला सही करताना बघायचं, किंवा 'ही माझीच सही' हे तुमच्या तोंडून ऐकायचं, आणि मग तुमच्या समोर स्वतःची सही करायची. आपल्याकडे काय होतं, बाबा रविवारी सही करतात आणि कागद शेजारी पाठवून देतात, काका चहा पिता पिता सही ठोकतात, बाबा तिथे नाहीतच! दिसायला सगळं व्यवस्थित, आणि उद्या कोर्टात काकांना विचारलं की सही करताना बाबा कुठे होते, की संपलं. म्हणून सगळ्यांना एकाच टेबलाशी बसवा, पानांना नंबर द्या, प्रत्येक पानावर सही करा, खाडाखोड नको. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण घ्या कारण वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी साक्षीला यावं लागतं, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नकोच, ख्रिश्चन आणि पारशी लोकांच्या विलमध्ये तर त्याला दिलेलं रद्दच होतं. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा.

स्टँप पेपर आणि नोटरीचं पॅकेज कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, विल साध्या कागदावर चालतं. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण मी म्हणेन करा, फक्त एक लक्षात ठेवा, नंतर नीट केलेलं साधं विलसुद्धा आधीच्या रजिस्टर्ड विलला मागे टाकतं.

यावरूनच परदेशातल्या मंडळींसाठी. अमेरिकेत ऑनलाइन विल भरताना त्यात ठरलेलं वाक्य असतं, यापूर्वीची सगळी मृत्युपत्रं रद्द. ते न वाचता सही केली की ठाण्याच्या फ्लॅटसाठी इथे केलेलं विलही गोत्यात येऊ शकतं. दोन्हीकडे वेगळं विल असेल तर कुठलं कुठल्या मालमत्तेपुरतं ते दोन्हींत स्पष्ट लिहून घ्या, आणि हे मात्र वकिलाकडूनच.

शेवटी मूळ प्रत. फक्त स्वतःच्या नावावर असलेल्या लॉकरमध्ये ठेवू नका, तो उघडायलाच घरच्यांना कागदपत्रं गोळा करत फिरावं लागेल. एक्झिक्युटरला (विलप्रमाणे वाटप करायला तुम्ही नेमलेल्या माणसाला) ती कुठे आहे ते सांगून ठेवा, किंवा सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे जमा करा, तशी सोय आहे.